ओठावरचा वाण

नोरा घोन्साल्विस ही माझ्या मुलीला पहिली आंघोळ घालणारी बाई. १९८९च्या ऑगस्टमध्ये भाईंदर पश्चिमेच्या एका खासगी प्रसूतिगृहात माझं बाळंतपण झालं. बाळ दूध ओढत नव्हतं आणि मी सकाळपासून रडत होते. नोरा आली, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाळाला उचललं, त्याच्या तळपायावर टिचकी मारली आणि त्यालाच म्हणाली, "काय गं बाय, भूक न्हाय तुला? आईला किती रडवायचं?" दहा मिनिटांत पोरगी दूध प्यायला लागली. नोराने खाटेखालचं भांडं उचललं आणि निघून गेली.

ती भाईंदरजवळच्या उत्तनची. वडिलांची मासेमारीची होडी होती. बारावी झाल्यावर तिने नन्सच्या इस्पितळात राहून नर्सिंग केलं आणि १९८० साली या प्रसूतिगृहात लागली. नवरा एडविन बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही. प्रसूतिगृह डॉ. सुरुची वर्तक यांचं होतं, पण बायका एकमेकींना सांगताना "नोरा सिस्टरकडे नाव घाल" असंच सांगायच्या.

मी तेव्हा मुंबईत एका सरकारी प्रयोगशाळेत विषाणू विभागात तंत्रज्ञ होते. लालबाग सोडून आम्ही मीरा रोडला फ्लॅट घेतला होता.

मार्च १९९१मध्ये आमच्या विभागात लहान मुलांच्या एका इस्पितळातून चार दिवसांच्या अंतराने दोन नमुने आले. दोन्ही नवजात बाळं, दोघांच्याही अंगावरच्या फोडांतलं पाणी. शंका हर्पीसची होती. हा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात असतो. लहानपणी कुणीतरी मुका घेतं, कुणाच्यातरी उष्ट्या पेल्यातून पाणी पितो, आणि तो शिरतो तो कायमचाच. कुणाला आयुष्यभर पत्ता लागत नाही, कुणाला ताप आला की किंवा उन्हात फिरलं की ओठावर बारीक फोडांचा पुंजका येतो, त्यालाच लोक ताप उठला म्हणतात, आणि आठ-दहा दिवसांत खपली धरून जातो. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण आठ-दहा दिवसांच्या बाळाच्या अंगात तो शिरला तर मेंदूपर्यंत जातो.

दोन्ही फॉर्मवर जन्मस्थळाच्या रकान्यात नोराचं प्रसूतिगृह होतं. जन्म चार मार्च आणि सहा मार्च.

पहिलं बाळ हंसाचं. हंसा आमच्या मागच्या इमारतीत राहायची. तिचा नवरा ईश्वर, त्याचं स्टेशनजवळ हार्डवेअरचं दुकान होतं. मुलगा झाला म्हणून त्यांनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले होते. नवव्या दिवशी बाळाच्या डोक्यावर फोड आले, मग झटके यायला लागले. विसाव्या दिवशी बाळ गेलं. दुसरं बाळ जवळच्याच मोरवा गावातल्या निशिगंधाचं, मुलगी. तिच्या डाव्या डोळ्यापाशी फोड होते. तिला औषध वेळेवर मिळालं आणि ती वाचली.

हंसाचं बाळ गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी ईश्वर प्रसूतिगृहात गेला. तिथे बाकावर बसलेल्या बायकांसमोर त्याने नोराकडे बोट दाखवलं आणि ओरडला, "ये औरत के मुँह में रोग है. इसने मेरा बच्चा मारा." बाळं जन्मली त्या आठवड्यात नोराच्या ओठावर फोड होते हे चहा-जेवणाच्या वेळी सगळ्यांनीच पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आमच्या सोसायटीच्या जिन्यात पोचली होती. डॉ. सुरुचींनी नोराला "थोडे दिवस घरी राहा" असं सांगितलं.

प्रयोगशाळेत आमचे सर होते डॉ. शशिकांत कर्णिक. सावकाश बोलणारे, टेबलावर पेन्सिली लांबीप्रमाणे लावून ठेवणारे. दोन्ही फॉर्म समोर ठेवून ते म्हणाले, "एकाच जागेची दोन बाळं, दोन दिवसांच्या अंतराने जन्मलेली. दोघांना एकाच माणसाकडून मिळाला असेल, तर दोघांचा विषाणू एकच असायला हवा. बघू या."

हे बघता येत होतं. विषाणू सगळ्यांचा एकाच नावाचा असला तरी त्याच्या आतला मजकूर माणसागणिक थोडा थोडा वेगळा असतो. लॅबमध्ये आम्ही त्याला स्ट्रेन म्हणायचो. घरी कुणाला सांगायचं झालं तर मी वाण म्हणायचे, जसे भाताचे वाण असतात तसे. विषाणू काचेच्या बाटलीत पेशींवर वाढवायचा, त्याचा डीएनए काढायचा आणि ठरावीक जागीच कापणाऱ्या एन्झाइमने त्याचे तुकडे करायचे. मग ते तुकडे जेलीच्या पातळ वडीत घालून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. अतिनील दिव्याखाली धरलं की नारिंगी पट्टे दिसतात. दोन वाण वेगळे असले, तर कुठे एखादा पट्टा जास्त दिसतो, कुठे एखादा नसतोच.

एप्रिलच्या मध्यावर दोन्ही बाळांचे पट्टे शेजारी शेजारी आले. सरांनी फोटोवर पेन्सिल टेकवली. "हा पट्टा इथे आहे, तिथे नाही. इथे त्याचे तुटून दोन झालेत. आशाबाई, हे दोन वेगळे वाण आहेत. दोन बाळं, दोन माणसं."

"म्हणजे नर्स नाही?"

"दोन्ही बाळांना तिने दिला नाही, एवढं नक्की. एकालाही दिला नाही, असं मी म्हणू शकत नाही. त्याला तिचा नमुना लागेल."

पुढच्या रविवारी मी भाईंदरहून उत्तनची बस पकडली. वाटेतलं डोंगरी गाव मागे पडल्यावर वाळत्या बोंबलांचा वास यायला लागला. नोरा अंगणात मोरीचा दगड घासत होती. मला बघून तिने ब्रश खाली ठेवला नाही.

"तू पण विचाराया आलीस?"

"नाही. मी तुमच्याकडे काहीतरी मागायला आलेय."

मी सगळं सांगितलं. ती घासता घासता ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "म्हणजे आमची बोली वेगळी, मोरव्याची वेगळी, तसं? ऐकलं की कळतं माणूस कुठचा हाय?"

"तसंच काहीसं. पण बोलणारा नक्की कोण ते नाही कळत दर वेळी."

"घे मग. काय घ्यायचं ते घे."

पण घेण्यासारखं काही नव्हतंच. तिचा ओठ महिन्यापूर्वीच बरा झाला होता. विषाणू नसांच्या मुळाशी जाऊन झोपला होता आणि फोड आल्याशिवाय आम्हाला तो हाती लागणार नव्हता. "परत येईल तेव्हा मला फोन करा," मी म्हटलं.

नोरा हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच हसली असेल. "सहाव्या वर्षापासून देवाजवळ मागतेय, हा ताप परत उठू देऊ नको. आता उठव म्हणून मागू?"

मग तिने मला ती गोष्ट सांगितली जी तिने तोवर कुणालाच सांगितली नव्हती. तीन मार्चला सकाळी ओठ चुरचुरायला लागला, तेव्हाच ती डॉ. सुरुचींच्या खोलीत गेली होती. नर्सिंग शिकवणाऱ्या ननने तिला बजावून ठेवलं होतं की ओठावर फोड असले की नवजात बाळांजवळ जायचं नाही, आणि अकरा वर्षं तिने ते पाळलं होतं. "मॅडमला म्हटलं, मला पाच-सहा दिवस बाळांकडे नको, कपडे धुवायला टाका, काही करा. मॅडम म्हणाली, दोघी रजेवर आहेत, मी माणूस कुठून आणू, मास्क लाव. मी मास्क लावला. हात इतके धुतले की कातडी निघाली." ती हात पुढे करून दाखवत राहिली, जणू अजून काहीतरी दिसेल.

"हे तुम्ही ईश्वरला का नाही सांगितलंत?"

"त्याचं पोर मेलं होतं. त्याला काय सांगू, मास्क लावला होता?"

नोराला एक माहीत होतं. कडक ऊन लागलं की तिचा ताप उठतो. दुसऱ्या दिवसापासून रोज अकराच्या सुमाराला ती किनाऱ्यावर जाऊन बसायला लागली. बोंबील वाळत घालतात त्या बांबूंच्या रांगांपाशी, डोक्यावर काही न घेता, तोंड वर करून. बायका तिच्याकडे बघायच्या. एडविनने पहिल्या दिवशी छत्री आणून दिली, ती तिने मिटून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी तो भांडला. तिसऱ्या दिवशी आपलं काम टाकून तो थोड्या अंतरावर होडीच्या सावलीत बसून राहिला आणि दर अर्ध्या तासाने तिला पाणी नेऊन देत राहिला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं. "वेडी झाली काय वाटलं," तो म्हणाला. "मग वाटलं, तिला करायला काहीतरी मिळालं, तेवढं तरी बरं."

सातव्या दिवशी सकाळी दुकानातल्या फोनवरून तिचा आवाज आला. "बाय, उठला. लवकर ये, फुटायच्या आत."

मी बर्फाची फ्लास्क घेऊन गेले. नोराने खिडकीत आरसा लावून ठेवला होता, हात धुऊन तयार होती. मला हात लावू दिला नाही. सुईने स्वतःच फोड टोचला, कापसाची काडी त्यावर फिरवली, काडीचं टोक माझ्या नळीत तोडलं आणि झाकण लावलं. ओठातून थोडं रक्त आलं, ते तिने पदराने नाही, गॉझने टिपलं. मग म्हणाली, "आता खरं काय ते कळेल."

त्या वाक्याचं मला ओझं वाटलं. परतीच्या बसमध्ये फ्लास्क मांडीवर धरून मी तेच घोळवत होते.

निकाल मेच्या शेवटी आला. नमुन्यांवर नावं नव्हती, क्रमांक होते; कुठला कुणाचा ते शेवटी वही उघडून बघितलं. सरांनी चार वेगवेगळी एन्झाइमं लावायला सांगितली होती. नोराचा नमुना हंसाच्या बाळाशी जुळला नाही. तीन पट्टे वेगळे होते, शंकेला जागा नव्हती. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पुढच्या ओळीकडे बघितलं. निशिगंधाच्या मुलीच्या नमुन्याशी नोराचा नमुना चारही एन्झाइमांत पट्ट्याला पट्टा जुळत होता.

मी सरांकडे गेले. त्यांनी फोटोवर पुन्हा पेन्सिल टेकवली. "पट्टे वेगळे, तर वाण वेगळा, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. पट्टे सारखे, तर वाण एकच, हे मला नाही सांगता येत. एवढ्या मोठ्या मजकुरात आपण मोजक्या जागा तपासल्या, त्या सारख्या निघाल्या. बाकीचं आपण वाचलेलंच नाही. मोरवा आणि उत्तनमध्ये अंतर किती?"

"बसने अर्धा तास."

"शेकडो वर्षं शेजारची गावं. कुणाच्या पणजीचा वाण कुणाकडे गेला असेल, कोण जाणे. त्या मुलीच्या घरच्या माणसांचे नमुने मिळाले तर जास्त काही बोलता येईल."

त्यांनी पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात, मृत बाळाला झालेला संसर्ग या परिचारिकेकडून झालेला नाही. दुसऱ्या परिच्छेदात, दुसऱ्या बाळाचा वाण व परिचारिकेचा वाण वापरलेल्या पद्धतीने वेगळे करता आले नाहीत, मात्र त्यावरून संसर्गाचा उगम सिद्ध होत नाही. एक प्रत इस्पितळाला गेली, एक नोराला. ती मी हाती नेऊन दिली. तिने दोनदा वाचलं. पहिल्या परिच्छेदाला रडली. दुसऱ्याला नुसती मान हलवली.

डॉ. सुरुचींकडे आम्ही दोघी गेलो. पत्र वाचून त्यांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. "नोरा, हे ईश्वरभाईंना दाखव. ते गप्प बसले की दुसऱ्या दिवशी कामावर ये. दुसरा परिच्छेद कुणाला दाखवायची गरज नाही. ती मुलगी बरी आहे, ते लोक काही म्हणतही नाहीयेत."

"मॅडम, मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं."

डॉ. सुरुचींनी पेपरवेट उचलला, परत ठेवला. "हो. सांगितलं होतंस." आणि थोड्या वेळाने, "माझ्याकडे खरंच कुणी नव्हतं गं."

नोराने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अर्धं पत्र कसं दाखवायचं? आधी मोरव्याला जाऊ."

मोरव्यात निशिगंधा आईकडेच होती. तेवीस-चोवीस वर्षांची, नीटनेटकी, बाळाच्या डोळ्यात थेंब घालत होती. तिची आई ओट्यावर भाजी निवडत बसली होती. नोराने बसायच्या आधीच सांगून टाकलं. "तुझ्या पोरीचा आन माझा जंतू एकसारखा निघालाय. माझ्याकडून गेला असेल. न्हाय पण गेला असेल. त्यांना सांगता येत न्हाय. पण मला सांगायलाच पायजे होतं."

निशिगंधा बाळाकडे बघत राहिली. "सिस्टर, तुम्ही मास्क लावला होता. मला आठवतंय. मी म्हटलं पण होतं, एवढ्या गरमीत कशाला."

तिच्या आईचे हात भाजीत थांबले होते. ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्या ओठावर पण येतात तसले. फेब्रुवारीत आले होते, गेले होते. मग परत थोडं वाटत होतं. मी पोरीला किती जवळ घेतलं. डोळ्यांवर पापे घेतले." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही ते तपासता ना? माझं पण तपासा. मी येते."

मी हो म्हणणारच होते. शास्त्राच्या बाजूने बघितलं तर आम्हाला हवा तो नमुना समोर बसला होता.

"नाही," निशिगंधा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "ताई, तपासून काय होईल? आईचं निघालं तर ती जन्मभर झोपणार नाही. नाही निघालं तर सिस्टर झोपणार नाहीत. पोरीचा डोळा तोच राहणार. मला दोघी लागतायत. डोळ्यासाठी मुंबईला दर महिन्याला जायचंय, मी एकटी कशी जाऊ?"

"मी येईन," नोरा म्हणाली.

कुणी कुणाला मिठी मारली नाही. निशिगंधाच्या आईने आम्हाला सरबत दिलं, आणि नोराला देताना पेला वेगळा निवडला नाही. एवढं माझ्या लक्षात राहिलं.

हंसाकडे मात्र नोरा रागाने गेली. जिना चढताना तिने पत्र पर्समधून काढून हातात घेतलं होतं. "त्या माणसाने सगळ्यांसमोर बोट दाखवलं. आज त्याच्याच तोंडाने वाचायला लावते." पण ईश्वर दुकानात होता. दार हंसाने उघडलं. अडीच महिन्यांत ती अर्धी झाली होती. आत कुठेतरी सासूचा टीव्ही चालू होता.

"आओ सिस्टर," ती म्हणाली. गिरगावात वाढलेली, मराठी छान बोलायची. "तुम्ही माफी मागायला आला असाल तर नका मागू. मी तुमच्यावर रागावले नाहीये. उलट..." तिने आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "पहिले आठ दिवस घरात सगळे म्हणत होते, माझ्याच अंगात काहीतरी आहे. सासूबाई तर ह्यांना म्हणाल्या, हिला माहेरी पाठव, दुसरी बघू. मग तुमचं कळलं. त्या दिवसापासून कुणी मला काही बोललं नाही. देवाची शपथ, मी तुमचं वाईट चिंतत नाही. पण तुमच्यामुळे मी या घरात आहे."

मी नोराच्या हाताकडे बघत होते. पत्र तिच्या मुठीत चुरगळलं होतं.  मग पत्र तिने पर्समध्ये टाकलं, हंसाच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "जेवतेस काय नीट? जेवत जा."

खाली उतरल्यावर मी तिच्यावर चिडले. सहा आठवड्यांचं काम, ते ऊन, ते सगळं. "हे खोटं आहे, सिस्टर!"

"मी खोटं बोलले न्हाय. बोललेच न्हाय."

"तुमची नोकरी?"

"ठाऊक हाय," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला. रिक्षात ती रडली ती दुःखाने नव्हे, स्वतःवरच्या संतापाने. "तोंडापर्यंत आलं होतं गं. का न्हाय बोलले मी?"

हे करून तिला शांत वाटलं असं कुणी समजू नये. डॉ. सुरुचींनी तिला परत घेतलं नाही, घेऊ शकल्याही नसत्या. ईश्वर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगत होता. उत्तनच्या बाजारात एका ओळखीच्या बाईने नोराला बघून कडेवरच्या मुलाचं तोंड दुसरीकडे वळवलं. एडविनला पुढे पत्र सापडलं तेव्हा तो आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. "त्या हंसाचा संसार वाचला, ठीक," तो शेवटी म्हणाला. "पण आपलं कोण बघणार होतं?"  दोन वर्षं नोरा घरी जाळी विणायची, लग्नांत जेवण रांधायला जायची. मला भेटली की कधी कधी म्हणायची, "जाऊन सांगून येऊ काय अजून?" आणि मग स्वतःच विषय बदलायची.

१९९३च्या शेवटी तिला नगरपालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाचं काम मिळालं. निशिगंधाबरोबर ती मुंबईला जात राहिली, पहिल्या वर्षी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी. मुलीच्या डाव्या डोळ्याला धूसर दिसतं ते तसंच राहिलं, पण ती चष्मा लावून शाळेत जाते आणि गणितात तिला चांगले मार्क मिळतात, हे मला नोरानेच कितीतरी वेळा सांगितलं.

हंसाला पुन्हा दिवस गेले ते १९९४मध्ये. ही बातमी मी नोराला सांगितली, आणि सरांची एक शंकाही सांगितली. पहिल्या बाळाचा वाण घरातलाच कुणाचातरी असणार. तो हंसाचाच असेल तर या वेळी काळजी घ्यायला हवी. नोराने कुणाचंही नाव न घेता ते काम केलं. ती हंसाला दवाखान्याबाहेर भेटली आणि म्हणाली, "बाळंतपण मोठ्या इस्पितळात कर. पहिल्या बाळाला काय झालं होतं ते डॉक्टरला आधीच सांग, ते तुला तपासतील. आन ज्याच्या तोंडावर फोड असेल, सासू असो, नवरा असो, माझ्यासारखी नर्स असो, त्याला महिनाभर बाळाजवळ येऊ द्यायचं न्हाय." हंसाला मुलगी झाली. धडधाकट.

मी नोराला एकदा विचारलं की आता तरी हंसाला खरं सांगायला हरकत काय. सासू तोवर वारली होती. नोरा म्हणाली, "तुझ्या मनासाठी सांगू का तिच्या?"  आजही मला वाटतं की हंसाला ते कळायला हवं होतं. आणि हेही वाटतं की ते सांगायचं की नाही हे ठरवणारी मी नव्हते.

१९९८मध्ये माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी मी नोराला भेटायला दवाखान्यात गेले. तेव्हा ती तिथली वरिष्ठ परिचारिका झाली होती. लसीसाठी आयांची रांग होती. एक नवी लागलेली मुलगी टेबलाशी तोंड खाली घालून बसली होती. नोराने तिची हनुवटी दोन बोटांनी वर केली.

"कधी उठला?"

"काल, सिस्टर. मी दूर बसते, मी मास्क..."

"मास्क न्हाय. आजपासून आठ दिवस तू रजिस्टर लिहिणार. वर कोण काय बोललं तर माझं नाव सांग. पगार कापणार न्हाय, ते मी मेडिकल ऑफिसरकडून लिहून घेतलंय." मग तिने कपाटातून छापील कागद काढला आणि मला दाखवला. ओठावर फोड असलेल्या कर्मचाऱ्यास नवजात बालकांच्या कामावरून बदलून दुसरे काम द्यावे, रजा अथवा वेतन कापू नये. खाली सही आणि शिक्का.

"तीन वर्षं भांडले यासाठी," ती म्हणाली. "तीन मार्चला हा कागद मॅडमच्या टेबलावर असता, तर..."

 रांगेतलं पुढचं बाळ रडायला लागलं होतं. नोराने हात धुतले, त्याला घेतलं आणि त्याच्याशी बोलायला लागली.